सहा सेकंदांची गाठ

बोरश्यांच्या घरात रागाला आवाज नसतो. भांडी आपटणं, दारं आदळणं हे प्रकार शेजारच्या खोल्यांत. इथे माणूस रागावला की एकदम नीट वागायला लागतो. गेले आठ दिवस ममता नीट वागत होती.

सासऱ्याच्या ताटात भाकरी वेळेवर पडत होती, चहात साखर बरोबर होती, डबा भरलेला होता. बोलणं तेवढं आक्काबाईंच्या मार्फत. "मोठी माय, त्यांना सांगा, पाणी तापलंय." की आक्काबाई दोन हातांवर बसलेल्या दिराला सांगायच्या, "नथू, पाणी तापेल शे." नथूनाना उठायचे. त्यांनाही कानानं ऐकू येत होतंच की. पण घराची रीत ती रीत.

उद्या रविवारी कुळाची देवी कानबाई घरात बसणार होती. धुळे सोडून गुजरातच्या कडेला सामरवरणीत येऊन सव्वीस वर्षं झाली, भाषेत अर्धी गुजराती शिरली, पण कानबाईचा रोट बोरश्यांनी कधी चुकवला नाही. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, तोच दळायचा, आणि त्या पिठाचं जेवण कुळातल्यांनीच जेवायचं. मूठ घरातल्या कर्त्या पुरुषाची. बायका त्याच मुठींतून जेवायच्या, त्यांची वेगळी मूठ नसायची. ज्याच्या नावाची मूठ पडली नाही तो कुळाबाहेर गेला असं तोंडानं कोणी म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही.

शनिवारी दुपारी नाना सुपापुढे बसले. धाकटा भाऊ वाल्मिक सकाळच्या गाडीनं गावचा गहू घेऊन आला होता. आक्काबाई नावं घेत होत्या आणि नाना मूठ सोडत होते. नथू. वाल्मिक. नानांचा मुलगा, ममताचा नवरा विकी, जो या वेळी आमलीतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीवर उभा होता. वाल्मिकची पोरं विशाल आणि गौरव, ते उद्या सुरतेहून येणार होते. पाच मुठी पडल्या, प्रत्येकीवर पाव मूठ वर पडली.

"हर्षल," आक्काबाई म्हणाल्या.

नानांनी मूठ भरली आणि ती पोत्यावरच राहिली.

"काब्र थांबना?" का थांबलास, असं आक्काबाईंनी विचारलं.

"तो आला की बघू," नाना म्हणाले, आणि गहू परत पोत्यात सोडला.

आक्काबाईंचा एकुलता एक मुलगा हर्षल. तो सात वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, आणि नानांनी त्याला या खोलीत आणून शिकवला, इंजिनियर केला. विकी बारावीत थांबला, हर्षलचं कॉलेज थांबलं नाही. आक्काबाईंनी या घरात त्यानंतर कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आताही मागितलं नाही. त्या सुपातले खडे वेचू लागल्या, जे त्यांनी मघाशीच वेचले होते.

वाल्मिकआबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पण धुळ्याच्या गिरणीत लाल बावट्याखाली पंधरा वर्षं काढलेला माणूस. गिरणी बंद पडली, बावटा कपाटात गेला, नाक मात्र तेच राहिलं. ते स्वयंपाकाच्या ओट्याशी गेले.

"ममता, काय शिजून राहिलं इथं? डाळ सोडून सांग."

ममतानं आवाज खाली ठेवून सांगितलं. ती आणि नाना एकाच कारखान्यात. रंगून आलेला धागा कोनवर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, गुंडाळायचं खातं. नाना कंपनीचे जुने, ती ठेकेदाराची. एका माणसाकडे तीस स्पिंडल. दोरा तुटला की स्पिंडल थांबतं. मग टोक शोधायचं, गाठ मारायची, सुरू करायचं. दिवसभर हेच. मागच्या महिन्यात हर्षलभाऊ कॅमेरा आणि घड्याळ घेऊन आले. तेही त्याच कंपनीत, वर ऑफिसात. एक गाठ मारायला माणसाला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं.

"आणि मोजले कुणाचे हात?"

ममतानं पोत्याशी बसलेल्या नानांकडे पाहिलं.

"मिटिंगमध्ये व्हिडिओ दाखवला आम्हाला," ती म्हणाली. "नुसते हात. तोंड नाही. नखांत निळा रंग आणि करंगळी वाकडी. रोज त्या हातांना मी भाकरी देते, मला नाही ओळखू येणार? सहा सेकंद, आबा. आम्हा सगळ्यांना नऊ लागतात. साहेब म्हणाले, हा माणूस साठीला आला, तो सहात मारतो, तर तुम्हाला काय धाड भरली? सोमवारपासून माणशी पंचेचाळीस स्पिंडल. तीन जणींचं काम दोघी करणार. साठातल्या वीस घरी. गेटवर यादी लागली आहे. सातवं नाव माझं."

वाल्मिकआबांनी चष्मा काढून पुसला. हा भाषणाआधीचा चष्मा होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"हे बघ पोरी. मालक तुझा हात विकत घेत नाही. तुझ्या अंगातली ताकद दिवसाच्या बोलीनं घेतो. दिवसाचा भाव ठरलेला. त्या दिवसातून काय काय पिळून निघेल ते ठरलेलं नसतं, आणि त्याची सगळी चरबी तिथूनच येते. तुझ्या पगाराएवढं काम तू चार तासांत करून टाकतेस. उरलेले चार त्याचे. आता त्याला पाच पाहिजेत. दिवस तर लांबवता येत नाही, मग दिवसाच्या आत गाठी वाढवायच्या."

"आबा, हे सगळं खरं असेल. पण तुम्ही बोलता बोलता डाळ करपली."

आबांनी निमूट गॅस बंद केला.

पोत्याजवळ बसलेल्या नानांना हे सगळं ऐकू जात होतं. खोली ती केवढी. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातांकडे कोणी पाहिलं नव्हतं. सुपरवायझर मीटर बघायचे, साहेब मशीन बघायचे. त्या दिवशी हर्षल पांढऱ्या शर्टात त्यांच्यासमोर उभा राहिला, सगळं खातं बघत होतं, आणि तो म्हणाला होता, "काका, तुमच्यासारखी गाठ कोणाची नाही. एकदा दाखवा ना." सुरतेत एका ओडिया कारागिराकडून शिकलेली गाठ ती, सुईतून जाताना अडत नाही. नानांनी दाखवली. एकदा नाही, दहादा. दर वेळी सहा. हर्षलच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्यांना वाटलं होतं, थोरला भाऊ आज असता तर. एवढीच त्यांची चूक. ही चूक त्यांनी आठ दिवस उलटीपालटी करून पाहिली होती आणि दर वेळी ती तशीच निघत होती.

*

हर्षल तीन वाजता आला. टोकरखाड्यातल्या त्याच्या घरापासून सामरवरणी स्कूटरवर पंधरा मिनिटं, त्याला पाऊण तास लागला होता. वाटेत दोनदा थांबून त्यानं उगीच फोन पाहिला होता. बायको मंजुषा माहेरी होती. नसती, तरी त्यानं तिला आज आणलं नसतं.

"ये, बठ. च्या पी," आई म्हणाली.

त्याची नजर सुपावर गेली. इंजिनियर माणूस. पाच मुठींचा ढीग आणि सहा मुठींचा ढीग यातला फरक त्याला मोजावा लागला नाही. तो सुपापासून थोडा लांब बसला.

चहा ममतानं दिला. कपाखाली बशी, बशीत दोन बिस्किटं. अगदी नीट.

"वहिनी, मी यादी बनवली नाही," तो म्हणाला. "माझं काम फक्त मोजायचं. यादी ठेकेदारानं दिली."

"मी कुठं काय म्हणाले?"

"म्हणूनच भीती वाटते."

आबा हसले. ममता नाही हसली, पण समोर बसली.

"एक विचारू का हर्षलभाऊ? तुमचा कागद नोटीस बोर्डावर लावलाय. नानांचं नाव, पुढे सहा सेकंद, त्याच्या पुढच्या रकान्यात शंभर. ते शंभर कशाचे?"

हर्षलनं कप खाली ठेवला. वीस जणींनी, चाळीस जणींनी तो कागद पाहिला असेल, आणि हा प्रश्न नेमका इथे, या चटईवर यायचा होता.

"ते रेटिंग असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... ज्याला मोजलं तो कसा कामगार आहे त्याचा आकडा. साधारण कामगार असेल तर शंभर. जास्त जलद असेल तर जास्त आकडा द्यायचा, आणि त्याचा वेळ तेवढा वाढवून धरायचा. कारण ठरलेला वेळ साधारण माणसाला रोज झेपायला हवा. पुस्तकातला नियम आहे तो."

"मग नाना साधारण?"

हर्षलला त्याचे ऑफिसातले वरिष्ठ चंद्रकांत सर आठवले, पुण्याचे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, नात्यातला माणूस आहे तुझ्या, जास्त रेटिंग दिलंस तर लोक काय म्हणतील? शंभर ठेव, स्वच्छ दिसेल. आणि त्याला ते पटलं होतं. पटवून घ्यायचंच होतं त्याला, हेही त्याला माहीत होतं.

"दीडशे," तो म्हणाला. "काका दीडशे आहेत. मी शंभर लिहिलं."

हर्षल आल्यापासून नाना पहिल्यांदा बोलले. "मी शंभर?"

"काका—"

"थांब. मला समजू दे. मी जलद केलं ही चूक नव्हती?"

"नाही. तुम्ही कितीही जलद केलं असतं तरी हिशोब बरोबर आला असता. सहाचे नऊ झाले असते. वहिनींना नऊच लागतात. कुणाचं काही गेलं नसतं. चूक माझी आहे."

"आठ दिवस," नाना म्हणाले, "मला वाटतंय, मी माझ्या हातानं या पोरीची नोकरी खाल्ली. मी जेवताना हाताकडे बघत नाही, हर्षल. आणि तू म्हणतोस ती चूक माझी नव्हतीच." ते थांबले. "नोकरीचं एक वेळ सोड. सव्वीस वर्षांत मला काही मिळालं नाही, ना बढती, ना सुपरवायझरची टोपी. एक गाठ होती. तू माझ्या अंगाखांद्यावर वाढलास, तुला माहीत होतं ती गाठ कशी आहे. आणि तू मला साधारण लिहिलंस. मला फार वाईट वाटलं रे."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं हर्षलला वाटलं. त्याची मान खाली गेली ती वर येईना.

आक्काबाई सूप घेऊन मध्ये सरकल्या. मुलाची आई म्हणून बोलावं की या घराची मोठी म्हणून, हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्या मुलाकडे पाहून बोलल्या, त्याच्या ऑफिसातल्यासारख्या शहरी मराठीत.

"रोटाला तुझ्या काकाचीच मूठ का घेतो माहीत आहे का तुला? सगळ्यांत मोठी आहे म्हणून. मोठ्या मुठीनं मोजलं की कोणी उपाशी राहत नाही. तुम्ही तिकडे त्याच मुठीनं मोजलं आणि वीस जणींच्या तोंडचा घास काढला. हात तोच आहे. मोजणारा कसा आहे ते बघावं लागतं."

"वहिनी, तुम्हाला युनियनमध्ये घ्यायला पाहिजे होतं," आबा म्हणाले.

"तुमची युनियन कुठं आहे आता? कपाटात."

आबांनी ते सोसलं. मग म्हणाले, "आता काय ते बोला. सोमवारी गेट अडवायचं का? मी थांबतो. दोन दिवस दोरा बंद झाला की..."

"गेट अडवलं तर ठेकेदार सगळ्याच नव्या आणेल," ममता म्हणाली. "तो वाटच बघतोय. आम्ही ठरवलंय आबा. आठ दिवस मी काही नुसती भाकरी थापत नव्हते. खात्यातल्या नलिनीताईच्या खोलीत बसलो होतो सगळ्या. सोमवारपासून ज्या आत राहतील त्या चाळीस जणी गाठ नऊ सेकंदांतच मारणार. ना आठ, ना दहा. पंचेचाळीस स्पिंडल द्या, साठ द्या. आमचं काही म्हणणं नाही. जेवढ्यांपर्यंत पोचू तेवढी चालतील, बाकीची उभी राहतील. कोणी घोषणा देणार नाही, कोणी उशिरा येणार नाही. मशीन थांबलेलं साहेबांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं. दोरा तुटला की माणूसच लागतो, एवढं तर कळेल."

आबांनी सुनेकडे पाहिलं. पुस्तकांची एक अख्खी पेटी वाचून जे त्यांना सांगता आलं नसतं ते तिनं डाळीचा हात पुसत सांगितलं होतं.

"मग अडलं कुठं?"

"अडलं एका माणसावर," ममता म्हणाली, आणि सवयीनं आक्काबाईंकडे वळली. "मोठी माय, त्यांना सांगा. सगळ्यांनी नऊनं मारली आणि एकानं सहानं, तर चाळीस जणी आळशी ठरतात."

आक्काबाई सांगायच्या आत नाना उठले. कोपऱ्यातून दोऱ्याची गुंडी आणली. कारखान्यातला वाया गेलेला दोरा, सामरवरणीत घरोघरी असतो. चटईवर बसून त्यांनी तो तोडला.

"घड्याळ लाव," ते हर्षलला म्हणाले. "मी नऊ लावतो."

हर्षलनं फोनवर घड्याळ लावलं. नानांनी टोकं उचलली.

"सहा," हर्षल म्हणाला.

"पुन्हा."

"सहा."

नानांनी हात पँटला पुसले, श्वास घेतला, ओठ हलवत मनाशी आकडे मोजत बोटं फिरवली. सात झाले. गाठ ओढली तर निसटली. आबांना हसू आलं, त्यांनी ते मिशीत ठेवलं. नाना तुटक्या दोऱ्याकडे बघत राहिले.

"हळू करायला गेलं की हाताला आठवतच नाही," ते म्हणाले. "मला जमणार नाही गं. चाळीस जणींचं माझ्यामुळे बुडेल."

"नाना, द्या इकडे," ममता म्हणाली.

आठ दिवसांनी सरळ त्यांना. आक्काबाईंनी काही ऐकलंच नाही अशा बेतानं तोंड फिरवलं.

ममतानं टोकं घेतली, वळवली, आत घातली, ओढली. घाई नाही, रेंगाळणं नाही.

"नऊ," हर्षल म्हणाला.

आक्काबाईंनी गाठ ओढून पाहिली. ती सुटली नाही.

"रोज दोन-अडीच हजारदा नऊ," ममता म्हणाली. "ही शंभरची गाठ, हर्षलभाऊ. शंभर असण्यात कमीपणा नाही. जगात शंभरवालीच माणसं जास्त. पण शंभर मला लिहा. नानांना नका लिहू. त्यांच्याकडून हळू काम करून घ्यायचं पापही आम्हाला नको. तुम्ही खरं लिहिलंत तर त्यांनी सहानं मारली काय आणि पाचानं काय."

हर्षलनं फोनवरचं घड्याळ बंद केलं. मग म्हणाला, "माझी नोकरी जाईल वहिनी."

"जाईलही," आबा म्हणाले. "मग तुला कळेल की तूही मजूरच. फक्त शर्ट इस्त्रीचा. त्यांनी तुझाही हातच घेतला, सही करायचा."

नानांनी भावाला हातानं गप्प केलं. "त्याच्यावर जोर नका करू. नोकरी त्याची आहे." आणि ते हर्षलकडे पाहून म्हणाले, "नाही लिहिलंस तरी तू जेवून जा उद्या. मी मूठ अडवायला नको होती. रागाच्या भरात झालं."

त्यांनी पोत्यात हात घातला. तेवढ्यात हर्षल म्हणाला, "थांबा काका. आत्ता नको."

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. चटईवर मांडी घालून, गव्हाच्या सुपाला टेकवून तो उघडला. एक रकाना बदलायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मग त्यानं ममताच्या हातांचा व्हिडिओ घेतला, तीन वेळा, तिन्ही वेळा नऊ, आणि तोही जोडला. कागद चंद्रकांत सरांना, मुंबईच्या ऑफिसला आणि ठेकेदाराला, तिघांना एकदमच जाईल असं केलं, म्हणजे एकाला तो दाबता येणार नाही.

"वाच," नाना म्हणाले.

"ऑपरेटर, नथू दगा बोरसे. मोजलेला वेळ सहा सेकंद. रेटिंग दीडशे. साधारण कामगाराचा वेळ नऊ सेकंद. पहिल्या अहवालातलं रेटिंग माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं. माणशी तीस स्पिंडल हेच प्रमाण योग्य आहे."

"पुन्हा वाच. वरचंच."

"नथू दगा बोरसे. रेटिंग दीडशे."

नाना हाताकडे बघत होते. हर्षलनं बटण दाबलं. चार मिनिटांत फोन वाजला. चंद्रकांत सर. हर्षल चटईवरून न उठताच बोलला. "हो सर, मीच पाठवलंय... हो, काका आहेत माझे... नाही सर, लोक म्हणतील ते म्हणू देत. बरोबर तेच आहे... सोमवारी नऊला येतो." फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "बघू म्हणालेत. स्पिंडलचंही बघू. माझ्या नोकरीचंही."

सोमवार सोमवारी येणार होता, आणि त्या दिवशी चाळीस जणींच्या हातांत नऊ सेकंद असणार होते आणि साहेबांकडे गेलेल्या कागदावरही.

"हर्षल," आक्काबाईंनी नाव घेतलं, मघाशी घेतलं होतं त्याच सुरात.

नानांनी मूठ भरली. सुपावर नेली आणि सोडली. वर पाव मूठ टाकली. आक्काबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि झाकायची तसदी घेतली नाही.

"झाल्या सहा," वाल्मिकआबा म्हणाले. "द्या दळायला."

ममता सूप उचलायला वाकली. वाकलेली तशीच थांबली. मग खाली बसली, पोत्यात हात घातला, स्वतःची मूठ भरली आणि सुपात सोडली. नानांच्या मुठीच्या निम्मीच असेल. तिनं कोणाला विचारलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही.

पाच पिढ्यांत बोरश्यांच्या रोटात बाईची मूठ पडली नव्हती. आबांनी चष्मा काढला, पण बोलले नाहीत. नाना आक्काबाईंकडे बघत राहिले, कारण असल्या गोष्टीत शेवटचा शब्द थोरल्या वहिनीचा.

आक्काबाईंनी सुपातला तो लहानसा ढीग पाहिला, बाकीच्यांत मिसळला, आणि म्हणाल्या, "सव्वा टाक वं. नुसती मूठ चालस नही."